नावानिशी

ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही लहान गावात शिरलं की पोस्ट, पब आणि पेट्रोल पंप यांच्या आसपास कुठेतरी युद्धस्मारक असतंच. कुठे ग्रॅनाइटचा खांब, कुठे बंदूक उलटी टेकवून मान खाली घातलेला दगडी शिपाई, कुठे चौकातलं घड्याळ. गाव दोनशे उंबऱ्यांचं का असेना, दगडावर चाळीस-पन्नास नावं भरतात. मेलबर्नला राहायला आल्यापासून मी ही नावं वाचत आले आहे. एकच आडनाव तीनदा, चारदा आलं की पाय अडखळतात. भाऊ असतील, नाहीतर चुलतभाऊ. काही नावांपुढे बारीकसा क्रॉस असतो. तो गेलेला. बाकीचे परत आलेले.

परत आलेल्यांचीही नावं दगडावर का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. उत्तर इथल्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखही नव्हती, आणि त्यातून सुमारे ४,१६,००० जण सैन्यात दाखल झाले. सगळे स्वखुशीने. सक्तीची भरती करावी का, असा कौल सरकारने लोकांकडे दोनदा मागितला, ऑक्टोबर १९१६ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९१७ मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. त्यामुळे जो गेला तो स्वतःहून गेला, आणि गावाने त्याच्या जाण्याचीच नोंद करून ठेवली. याची दुसरी बाजूही होती. ज्याचं नाव दगडावर नाही तो गेला नाही, हे येणारा-जाणारा वाचू शकत होता. एकाच गल्लीत आयुष्य काढायचं असताना तो दगड कुणाकुणाला बोचला असेल!

गेलेल्यांपैकी साठ हजारांहून जास्त परतले नाहीत. त्यांचे देहही परतले नाहीत. जो जिथे पडला तिथेच त्याला पुरायचं, हे ब्रिटिश साम्राज्याचं धोरण होतं. जनरल ब्रिजेस हा एक अपवाद. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत गोळी लागून तो १९१५ साली मेला आणि त्याला आणून कॅनबेराला दफन केलं. त्याचा घोडा सँडी हाही परत आला. लाखाहून जास्त घोडे इथून गेले होते, त्यांतला मायदेशी पोचलेला तो एकटाच. बाकीच्यांच्या आईवडिलांना फ्रान्स किंवा तुर्कस्तान गाठायचं तर बोटीने सहा आठवडे लागायचे, आणि तेवढे पैसे शेतकऱ्याच्या, खाणमजुराच्या घरात कुठून असणार? आपल्या माणसाला मूठभर माती देता आली नाही, ही सल आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणून या घरांतल्या बायका गावातल्या दगडापाशी येऊन फुलं ठेवू लागल्या. कबर तिकडे, नाव इकडे. नावालाच कबरीचं काम करावं लागलं.

मेलबर्नहून पश्चिमेला दीडेक तासावर बॅलरॅट आहे, सोन्याच्या खाणींचं जुनं शहर. तिथे ल्यूकस नावाचा कपड्यांचा कारखाना होता आणि त्यात शिवणकाम करणाऱ्या सुमारे पाचशे मुली होत्या. जून १९१७ मध्ये या मुलींनी शहरातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर झाडं लावायला सुरुवात केली. सैन्यात गेलेल्या प्रत्येकामागे एक झाड, तेही ज्या क्रमाने ते भरती झाले त्या क्रमाने, आणि प्रत्येक झाडाला नावाची पट्टी. दोन वर्षांत सुमारे ३,८०० झाडं झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बावीस किलोमीटर. रोपांचा खर्च या मुलींनीच उभा केला, बाहुल्या विकून, जत्रा भरवून, स्वतःच्या पगारातून.

या रस्त्याने मी पुष्कळदा गेले आहे. गाडीतून तो छान सावलीचा रस्ता वाटतो, एवढंच. तो पायी चालायला हवा. दर दहा-बारा पावलांवर नवं नाव येतं, पट्टी वाचायला वाकावं लागतं, आणि अर्ध्या तासात लक्षात येतं की आपण बावीसातला जेमतेम एक किलोमीटर आलो आहोत. ३,८०० हा आकडा मी कागदावर कितीदा वाचला होता. तो केवढा असतो हे त्या चालण्याने कळलं.

नावं सांभाळण्याच्या या कामात मला सगळ्यांत जवळची वाटते ती व्हेरा डीकिन. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान राहिलेल्या आल्फ्रेड डीकिन यांची ही मुलगी. ऑक्टोबर १९१५ मध्ये, तेवीस वर्षांची असताना, तिने कैरोत रेडक्रॉसची चौकशी कचेरी उघडली. पुढे ती कचेरी लंडनला गेली. सैन्याकडून घरी तार यायची: ‘बेपत्ता’. त्यापुढे काहीच नाही. मग आई, बायको, बहीण या कचेरीला पत्र लिहायची. कचेरीचे लोक बेपत्तांच्या याद्या घेऊन इस्पितळांतून फिरायचे आणि त्याच तुकडीतल्या जखमींना विचारायचे, हा तुझ्या ओळखीचा होता का, शेवटचा कधी पाहिलास, कसा दिसायचा, त्याला काय म्हणून हाक मारायचे? युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे बत्तीस हजार फायली झाल्या. आज त्या स्कॅन होऊन सगळ्यांसाठी खुल्या आहेत.

मी त्या रात्री-अपरात्री वाचत बसते. एक जण सांगतो, मी त्याला खंदकाच्या काठावर पडताना पाहिलं. दुसरा शपथेवर सांगतो, तो धरला गेला, जिवंत आहे. तिसऱ्याने वर्णन केलेला माणूस भलताच कुणीतरी निघतो. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, तरी कचेरी त्या सगळ्या नीट टाइप करून ठेवते आणि त्यातलं जे खरं वाटतं ते घरी कळवते. खोटा धीर द्यायचा नाही, हा या बाईंचा दंडक होता. मुलगा कसा मेला हे ऐकणं वाईटच. पण वर्षानुवर्षं दाराकडे डोळे लावून बसणं त्याहून वाईट, हे तिला त्या वयात कळलं होतं.

याच फायलींनी नव्वद वर्षांनंतर एक काम केलं.

उत्तर फ्रान्समध्ये फ्रोमेल नावाचं खेडं आहे. १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या डिव्हिजनला तिथे हल्ल्याला पाठवलं. सपाट, ओलसर रान, समोर उंचवट्यावर जर्मनांच्या मशिनगन, आणि उन्हाळ्याचा लख्ख उजेड. सकाळपर्यंत ५,५३३ जण मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मेलेले जवळजवळ दोन हजार. एका रात्रीत एवढी माणसं ऑस्ट्रेलियाने आजवर दुसऱ्या कुठल्याही लढाईत गमावलेली नाहीत. पुढचे काही दिवस दोन्ही खंदकांच्या मधल्या पट्ट्यातून जखमींच्या हाका येत राहिल्या. सायमन फ्रेझर नावाचा व्हिक्टोरियातला शेतकरी सार्जंट त्यांना पाठीवर घालून आणत होता. एकाला उचलून नेताना पलीकडून दुसऱ्याने हाक दिली, गड्या, मला विसरू नकोस. हे फ्रेझरने स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी बुलकूरला तो मेला आणि त्याचीही कबर सापडली नाही. आज फ्रोमेलला त्याचा पुतळा आहे, पाठीवर माणूस घेतलेला, आणि त्याची प्रतिकृती मेलबर्नच्या श्राइन ऑफ रिमेम्बरन्स या युद्धस्मारकापाशी उभी आहे.

युद्धानंतर फ्रोमेलच्या रानातली प्रेतं शोधून पुरण्यात आली. पण हिशेब जुळत नव्हता. मेलबर्नमधल्या लाम्बिस एंग्लेझोस या शिक्षकाने तो मनावर घेतला. त्यांचा जन्म ग्रीसचा. फ्रोमेलला त्यांच्या रक्ताचं कुणी मेलेलं नव्हतं. लढाईतून वाचलेल्या म्हाताऱ्यांशी त्यांची ओळख झाली, ते फ्रान्सला गेले, कबरी मोजल्या, नावं मोजली, आणि बरीच माणसं कुठल्याच हिशेबात नाहीत असं त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी व्हेरा डीकिनच्या फायली उघडल्या. काही फायलींत नोंद होती की या माणसाचा गळ्यातला बिल्ला जर्मनीहून परत आला. बिल्ला जर्मनांच्या हाती लागला, याचा अर्थ प्रेतही त्यांच्याच हाती लागलं होतं, आणि पुरलंही त्यांनीच. कुठे? विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंत, फेझंट वूड नावाच्या झाडीच्या कडेला, लढाईनंतर उगवलेले लांबट खड्डे दिसत होते. एंग्लेझोस सरकारच्या मागे लागले. तज्ज्ञांनी आधी मानायला नकार दिला. ते हटले नाहीत. २००८ साली चाचणीसाठी खणलं, तर प्रेतं तिथेच होती.

२००९ मध्ये २५० सांगाडे बाहेर काढले. एकाजवळ फ्रिमँटल ते पर्थ या रेल्वे प्रवासाचं परतीचं तिकीट सापडलं. घरी गेल्यावर वापरायचं म्हणून त्याने ते जपून ठेवलं असणार. त्यानंतर ऑस्ट्रेलियाभर नातेवाइकांचा शोध सुरू झाला, पुतणे, भाचेनातू, पणत्या. त्यांच्या लाळेचे नमुने घेऊन डीएनए जुळवले. दीडशेहून जास्त जणांना आतापर्यंत नाव मिळालं आहे, आणि नाव मिळालं की कबरीचा दगड बदलला जातो. आधी त्यावर ‘देवाला ठाऊक असलेला’ एवढंच असतं. नंतर नाव, वय आणि कुटुंबाने निवडलेली एक ओळ. चौथ्या पिढीतली माणसं ही ओळ निवडायला एकत्र बसतात. ज्याला त्यांच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी!

या सगळ्याचं केंद्र कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये आहे. अधिकृत इतिहासकार चार्ल्स बीन यांना त्याची कल्पना फ्रान्समधल्या पोझिएरच्या रणांगणावर सुचली आणि ते उघडलं ११ नोव्हेंबर १९४१ ला, दुसरं महायुद्ध चालू असताना. तिथल्या लांबच लांब ओवरीत ब्राँझच्या पत्र्यांवर एक लाखाहून जास्त नावं आहेत. कुणाच्याही नावापुढे हुद्दा नाही, पदक नाही. कर्नल आणि सैपाकी शेजारी शेजारी, वर्णानुक्रमाने. १९९३ साली फ्रान्समधून एका अनोळखी सैनिकाचे अवशेष आणून तिथे दफन केले. पहिल्या महायुद्धातून वाचलेले रॉबर्ट कोम तेव्हा हयात होते. पोझिएरची माती शवपेटीवर टाकत ते म्हणाले, आता तू घरी आलास, मित्रा. त्या दिवशी फुलं वाहायला लोकांची रांग ओवरीतून चालली होती. उभ्या उभ्या कुणीतरी हातातलं लाल पॉपीचं फूल एका नावाशेजारच्या फटीत खोचलं, मागच्यानेही खोचलं. तेव्हापासून ती भिंत लाल असते. २०१३ पासून रोज संध्याकाळी बंद होण्याच्या वेळी तिथे एका नावाची गोष्ट सांगतात. एका दिवशी एकच. या गतीने सगळी नावं व्हायला पावणेतीनशे वर्षं लागतील. तरी रोज सांगतात, आणि हे मला फार थोर वाटतं.

पंचवीस एप्रिलच्या, म्हणजे सैनिकांच्या स्मरणाच्या अँझॅक दिवसाच्या, पहाटेच्या गर्दीपेक्षा, शताब्दीच्या निमित्ताने झालेल्या खर्चापेक्षा आणि मेमोरियलच्या पन्नास कोटी डॉलरच्या विस्तारापेक्षा माझा जीव या रोजच्या एका नावात आहे.

आता आपल्याकडचं सांगते, कारण या नावांपैकी एक नाव मला थेट साताऱ्याला घेऊन गेलं.

जॉर्ज मर्झ मेलबर्न विद्यापीठातून डॉक्टर झालेला, आणि नंतर वैमानिक. १९१५ च्या सुरुवातीला हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेसाठी ऑस्ट्रेलियाकडे वैमानिक मागितले. म्हणून एक लहानशी तुकडी गेली, तीत मर्झ होता. ३० जुलै १९१५ ला नासिरियाहून बसराकडे येताना त्याचं विमान बिघडून खाली उतरलं. त्याला आणि त्याच्यासोबतच्या न्यूझीलंडच्या बर्नला तिथल्या सशस्त्र टोळीने मारलं. देह सापडले नाहीत. लढाईत मेलेला ऑस्ट्रेलियाचा हा पहिला वैमानिक. आणि या मोहिमेत होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या, ११७ मराठा होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन कुत अल अमारात वेढली गेली. अन्न संपत गेलं. घोड्याचं मांस खायचं नाही म्हणून कित्येक शिपाई उपाशी राहिले. २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांच्या आसपास माणसांनी शरणागती पत्करली आणि वाळवंटातून कैदेची चाल सुरू झाली. त्या कैद्यांत मर्झच्या तुकडीतले ऑस्ट्रेलियन मेकॅनिकही होते. त्यांतले बहुतेक कैदेतच मेले. मराठा शिपायांतलेही कित्येक.

ज्यांची कबर नाही त्यांच्यासाठी बसराला मोठं स्मारक उभारलं. तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे. मर्झचं नाव दगडात आहे. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक फक्त संख्या. एकाच रेतीत मेलेली माणसं, एकाच भिंतीवर, पण एकाला नाव आणि दुसऱ्याला आकडा! २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी माणसांचं स्मरण असमान रीतीने केलं गेलं, आणि माफी मागितली. त्याहून कितीतरी जास्त लोकांची तर नावानिशी नोंदच झाली नव्हती.

तो अहवाल वाचताना मला माझ्या आजोळची पाटी डोळ्यांपुढे आली. चावडीच्या भिंतीतली संगमरवरी फरशी, इंग्रजीत कोरलेली: या गावातून अमुक पुरुष महायुद्धावर गेले, १९१४ ते १९१९, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. अशा फरश्या आपल्याकडे गावोगाव आहेत. वाक्य तेच, आकडे वेगळे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, तिथल्या सेहेचाळीस जणांची आठवण सांगतात. माझ्या आजोळच्या फरशीखाली आम्ही मुलं लपाछपीचं राज्य घ्यायचो, तिच्याकडे तोंड करून. आकडे मला पाठ होते. ती माणसं कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. गावात त्यांचीच घरं असताना!

नाव कोरलेलं असलं की काय होतं, हे महाराष्ट्राने भीमा कोरेगावला पाहिलं आहे. तो खांब कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. पण त्यावर मेलेल्यांची नावं होती, आणि त्यांत महार शिपायांची नावं स्पष्ट वाचता येत होती. म्हणूनच शंभरावर वर्षांनी बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे उभे राहिले, आणि आज लाखो लोक तिथे येतात. दगड उभारणाऱ्याचा हेतू मागे पडला. नावांचे वारस पुढे आले. नुसत्या आकड्याला वारस कुठून मिळणार?

ऑस्ट्रेलियाचा हा गुण सांगताना त्याच्या कडेला राहिलेली माणसं मला विसरता येत नाहीत. हजाराहून जास्त आदिवासी पुरुष पहिल्या महायुद्धात लढले. पुष्कळांना भरती होताना आपला वंश लपवावा लागला. परतल्यावर सैनिकांना जमिनी वाटल्या गेल्या, त्या यांना अपवादानेच मिळाल्या, आणि कित्येक गावांत माजी सैनिकांच्या क्लबमध्ये शिरू दिलं गेलं नाही. त्यांच्याच पूर्वजांना गोऱ्या वसाहतकारांनी ज्या लढायांत आणि हत्याकांडांत मारलं, त्या मेलेल्यांची नावं तर जवळजवळ कुठेच नाहीत. न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अशा चारशेहून जास्त जागा नकाशावर मांडल्या आहेत. या संघर्षांना वॉर मेमोरियलमध्ये अधिक जागा देऊ, असं २०२२ साली जाहीर झालं आणि त्यावरून अजून वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर, ज्या देशाला पणजोबाच्या चुलतभावाचा सांगाडा डीएनएने ओळखता येतो, त्याला हेही जमायला हवं.

आणि घरी परतून मेलेल्यांचं काय? १९९७ ते २०२१ या काळात किमान १,६७७ आजी-माजी सैनिकांनी आत्महत्या केली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, रॉयल कमिशनने, तीन वर्षं त्यांच्या आयांना, बायकांना बोलावून साक्षी घेतल्या. त्या साक्षींचं वृत्तांकन वाचताना मला व्हेरा डीकिनच्या फायली आठवत राहिल्या. तोच प्रश्न: शेवटचा कधी पाहिलात, कसा होता?

कॅनबेराच्या यादीसाठी १९२० च्या दशकात प्रत्येक मृताच्या घरी एक छापील कागद जायचा. जन्म कुठला, शाळा कुठली, कामधंदा काय, कोणत्या गावाशी त्याचं नाव जोडावं, घरातलं आणखी कुणी युद्धावर गेलं होतं का. हे प्रश्न मी मराठीत उतरवले, त्यात पलटण आणि भावकी या दोन गोष्टी घातल्या, आणि आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. पहिले काही दिवस नुसते नमस्काराचे हात आले. मग मामांचा फोन आला. वरच्या आळीतल्या एका घरात ट्रंकेत पदक आहे, म्हणाले, पण त्यावर राजाचं डोकं आहे, नाव काही नाही.

मी म्हटलं, मामा, कड बघा. त्या युद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. सगळ्यांच्या, हिंदी शिपायांच्यासुद्धा. पोरांना घेऊन त्यांनी चिंच लावून ते घासलं, मोबाइलचा उजेड आडवा धरला आणि फोटो पाठवला. नंबर, नाव, ११७ मराठा. एक माणूस सापडला. नंतर शेजारच्या घराने सांगितलं, आमच्याकडेही होतं, दुष्काळात सोनाराला घातलं, पण नाव आजीला माहीत होतं. ते आता दोन चुलत्यांच्या तोंडून तपासून घ्यायचं आहे, कारण ते दोघं वेगवेगळं सांगतात.

जुन्या फरशीला हात न लावता तिच्याखाली नावांची दुसरी फरशी बसवावी, असा अर्ज मामांनी ग्रामपंचायतीला दिला आहे. नावं पुरी मिळाली नाहीत तरी जागा आकड्याएवढीच मोजून सोडा, असं मी त्यांना कळवलं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर, कुठेही, असं रुप्याचं गोल पदक डब्यात पडून असेल तर ते बाहेर काढा आणि कड वाचा. वाचलेलं नाव स्पेलिंगसकट लिहून ठेवा, आणि घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस आहे तोवर त्याला विचारा.